मारिवेलचा रिपोर्ट कोणाचा

इलोइलो
१६ जानेवारी २०२३

चि. मारिवेल हिस अनेक आशीर्वाद.

काल तू ‘टेस्ट’ असा शब्द काढलास आणि फोन बंद पडला, तो लाइनच्या दोषामुळे नव्हे. मी ठेवला. मिशन हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये मी एकतीस वर्षं काढली. त्या काळात एकाही पेशंटचं नाव मी जिन्यात, कँटीनमध्ये किंवा जीपनीच्या गर्दीत, शेजारच्या उतारूसमोर, उच्चारलं नाही. मेयरच्या बायकोने गोड बोलून होणाऱ्या सुनेची फाइल मागितली, तेव्हा मी तिला बसायला खुर्चीसुद्धा दिली नव्हती. अशा बाईशी तू आजाराचं बोलणं फोनवर काढतेस, तेही शेजारची नेनिता माझ्या बैठकीत जपमाळ ओढत बसलेली असताना! नेनिताचे हात मण्यांवर असतात आणि कान सगळ्या गल्लीवर.

जे असेल ते कागदावर लिही, पाकीट डिंकाने बंद कर आणि कुरियरने पाठव. स्टेपल मारू नकोस, स्टेपल कोणीही काढतं.

पियाला पापा दे. रोडेलला म्हणावं, ती दाढी काढ. नाताळच्या फोटोत तो तुझा नवरा न दिसता तुझा काका दिसतो.

जीव तुझ्यात अडकलेली,
तिता ओसिंग

मकाती
२४ जानेवारी २०२३

ती. तिता ओसिंगला मारिवेलचा शि. सा. न. आपल्या रीतीप्रमाणे तुझा हात कपाळाला लावला आहे असं समज.

पाकिटाला डिंक लावला आहे, वरून चिकटपट्टीही. पिया म्हणाली, आजीला बॉम्ब पाठवतेस का.

विषय असा. आई गेली तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती. मी आता अडतीसची. माझ्या डॉक्टरीणबाई म्हणतात, आईला झाला तसा अंडाशयाचा कॅन्सर कधी कधी घराण्यातून येतो. एका जनुकातला दोष आईकडून मुलीकडे उतरतो आणि तो रक्त तपासून कळतो. दोष निघाला, तर चाळिशीच्या आत अंडाशय काढून टाकायचे. मग आईचं झालं तसं व्हायची भीती फार थोडी उरते.

टेस्ट महाग आहे. ऑफिसच्या विमा कंपनीला विचारलं, तर आधी उत्तर आलं की तुम्ही आजारी नाही, म्हणून खर्च देता येत नाही. आठवड्याने दुसरं पत्र आलं, की एका नव्या सवलतीत टेस्ट फुकट करून देऊ. फक्त सोबतच्या फॉर्मवर सही हवी. फॉर्ममध्ये लिहिलं आहे की निकाल कंपनी पाहील, तिच्या ‘सहयोगी संस्था’ पाहतील आणि माझ्या ऑफिसलाही तो कळवता येईल. रोडेल म्हणतो, सही कर, असले फॉर्म कोण वाचतं. मला मात्र तुला विचारल्याशिवाय पेन उचलवेना.

आई गेल्यावर तू मावशीची आई होऊन मला वाढवलंस, तेव्हा आताही तूच सांग.

तुझी लेकच,
मारिवेल

इलोइलो
३० जानेवारी २०२३

चि. मारिवेल, आशीर्वाद.

सही करू नकोस. करू नकोस. तिसऱ्यांदा लिहिलं असतं, पण पेनाचं निब मोडेल.

‘सहयोगी संस्था’ म्हणजे कोण ग? त्यांची नावं आहेत का, पत्ता आहे का, आई-बाप आहेत का? कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनिग्ना आम्हांला सांगत असे, की बाहेरच्या कोणाला काही द्यायचं तर आधी त्याचं नाव विचारा. आम्ही सात वर्षांच्या होतो आणि आम्हांला ते कळत होतं. तुझ्या नवऱ्याला चाळिशीत कळत नाही.

आणि एक लक्षात घे. बाकीच्या रिपोर्टात फक्त ज्याचा असेल त्याचा आजार असतो. हा रिपोर्ट तसा नाही. तुझं रक्त तपासलं की तुझ्या आईची, सोलिंगची, मेलेली फाइल उघडते आणि पियाची अजून न लिहिलेली फाइलही. ती पोर अकरा वर्षांची आहे. उद्या तिला नोकरी हवी असेल, विमा हवा असेल, सासू मिळणार असेल, तेव्हा तिच्या लहानपणीचा हा कागद कोणाच्या तरी कपाटात निघेल. तो कोणाच्या कपाटात असावा हे ठरवायचा हक्क त्या पोरीचा आहे, फुकट सवलत देणाऱ्यांचा नाही.

टेस्ट जरूर कर. स्वतःच्या पैशांनी कर. कमी पडलं तर मला कळव, माझं पेन्शन मी काही कबरीत नेणार नाही. निकाल ज्यांना कळायलाच हवा त्यांनाच कळू दे.

शहाण्या मुली, सांभाळून राहा.
तिता ओसिंग

मकाती
१२ मार्च २०२३

ती. तिता ओसिंगला शि. सा. न. वि. वि.

सही केली नाही. टेस्ट आमच्या पैशांनी केली. शुक्रवारी निकाल आला.

दोष आहे, तिता.

डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्या हातात दिला तेव्हा मी पहिल्यांदा माझं नाव नीट लिहिलंय का तेच तपासलं. तुझीच सवय. मग रोडेल रडला, मी नाही रडले. मला फक्त आईचे शेवटचे हात आठवले, दिव्यासमोर धरले तर पलीकडचं दिसेल असे झालेले. पियाने ते हात पाहू नयेत, एवढंच मला हवं आहे.

पुढचं ठरलं आहे. सोनोग्राफीत डाव्या बाजूला एक गाठ दिसते, साधीच आहे. ती गाठ आणि आईचा आजार, या दोन कारणांवर डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रियेसाठी विमा कंपनीकडे मंजुरी मागितली आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जनुकाचा रिपोर्ट त्यांच्या फॉर्ममध्ये कुठेही मागितलेला नाही, म्हणून आम्ही दिला नाही. एवढं मोठं ऑपरेशन विम्याशिवाय आम्हांला झेपणार नाही. मंजुरी आली की मेच्या दुसऱ्या आठवड्यात करायचं.

हे आता चौघांना ठाऊक आहे. डॉक्टरीणबाई, रोडेल, मी आणि तू. पियाला अठराव्या वर्षी सांगायचं, असं आम्ही ठरवलं आहे. तोवर ती पोरगी पोरगी राहू दे.

तुझी माया आहे म्हणून धीर आहे.
मारिवेल

इलोइलो
१९ मार्च २०२३

माझ्या लाडक्या मारिवेलला पोटभर आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. मग भांडी घासली. ती आधीच घासलेली होती.

तू दहा वर्षांची असताना सोलिंग मला, थोरल्या बहिणीला, म्हणाली होती, की मानांग, हिचे केस घट्ट बांधत जा, ही सैल वेणी घेऊन शाळेत जाते आणि येताना रिबीन हरवून येते. मरणाच्या दारातली बाई, आणि तिला वेणीची काळजी! तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, तिला जे हातात धरता येत होतं तेच ती धरत होती. तू तिच्यासारखी नाहीस. तुझ्या हातात तारीख आहे, डॉक्टर आहे, आगाऊ मिळालेला इशारा आहे. सोलिंगला यातलं काहीच मिळालं नाही. तेव्हा घाबर, पण घाबरत घाबरत ऑपरेशन करून घे.

मी इथे बसून दुसरं काय करणार? चर्चमध्ये नऊ रविवारच्या मिस्सा लावल्या आहेत, दर रविवारी प्रार्थनेत तुझं नाव घेतील. पॅरिशच्या ऑफिसात एक नवी मुलगी आली आहे, केस निळे, पण अक्षर चांगलं. हेतूची चिठ्ठी आता छापील असते: नाव, वय, गाव, कशासाठी. लोक ‘बरं वाटावं म्हणून’ एवढं खरडून मोकळे होतात. मी सगळी नीट भरली, सुवाच्य. रकाना मोकळा सोडायची मला सवय नाही आणि देवाला अर्धवट माहिती द्यायची तरी कशाला?

बिस्कोचो बिस्किटांचा डबा पाठवत आहे. पियाने आईसाठीही ठेवावेत.

सदा तुझीच,
तिता ओसिंग

मकाती
१७ एप्रिल २०२३

ती. तिता ओसिंगला शि. सा. न.

विमा कंपनीचं पत्र आलं. जसंच्या तसं लिहिते. ‘आपणांस आनुवंशिक दोष असल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे. आनुवंशिक विकार योजनेत अंतर्भूत नसल्याने मंजुरी देता येत नाही.’

निदर्शनास कसं आलं? डॉक्टरीणबाईंनी त्यांची सगळी कागदपत्रं माझ्यासमोर उघडली, त्यात रिपोर्टचा उल्लेखसुद्धा नाही. लॅबवाले म्हणतात, आम्ही कोणाला काही दिलं नाही. मग उरलं कोण? मी रोडेलला म्हणाले, की तू तुझ्या आईला सांगितलंस. तो म्हणाला, नाही. मी म्हणाले, शपथ घे. त्याने घेतली नाही, चार दिवस झाले, तो माझ्याशी फक्त पियामार्फत बोलतो.

मेची तारीख हातची गेली. डॉक्टरीणबाई म्हणतात, फार लांबवू नका. लांबवू नका म्हणजे काय, तिता? मी काय मजा म्हणून लांबवते आहे?

मारिवेल

इलोइलो
२२ एप्रिल २०२३

चि. मारिवेल, आशीर्वाद.

रागाने अक्षर बिघडलं आहे, माफ कर.

लॅबवाले खोटं बोलतात. नाहीतर डॉक्टरीणबाईंच्या दारातली ती लांब नखांची मुलगी बोलली असेल. गेल्या वर्षी मी मकातीत असताना तुझ्याबरोबर तिथे आले होते तेव्हा ती एका हाताने फाइल आणि दुसऱ्या हाताने फोन धरून बसली होती, तेव्हाच माझ्या डोक्यात गेली होती. आमच्या काळी अशा मुलीला मी दुसऱ्या दिवशी लाँड्रीत पाठवलं असतं. मी तिघांना पत्रं लिहिली आहेत: लॅबच्या प्रमुखांना, डॉक्टरीणबाईंना आणि विमा कंपनीच्या सर्वांत वरच्या माणसाला. त्याला विचारलं आहे, की तुमच्या स्वतःच्या आईचं पोट असं चव्हाट्यावर मांडलं तर तुम्हांला चालेल का. कुलुपातली वस्तू चोरणाऱ्याला निदान कुलूप तोडावं लागतं. यांनी पेशंट जिथे विश्वासाने बोलली, त्या जागेतूनच ती चोरली.

रोडेल बोलला नसेल. तो बावळट आहे, चुगलखोर नाही. त्याच्याशी बोल.

आपलं माणूस कोण आणि परकं कोण, हे मी शोधून काढते. तू फक्त जेवत जा.

तुझ्या बाजूने उभी,
तिता ओसिंग

मकाती
२९ एप्रिल २०२३

ती. तिता ओसिंगला न.

शोधू नकोस. सापडलं.

आमच्या ऑफिसात एचआरला मिस गुम्बान आहेत. त्या मूळच्या इलोइलोच्या, आपल्याच पॅरिशच्या. महामारीपासून आपल्या चर्चची मिस्सा दर रविवारी इंटरनेटवर दाखवतात आणि त्या ती इथे मकातीत घरी बसून पाहतात. फादर फक्त नावं वाचतात, पण पडद्यावर हेतूची अख्खी चिठ्ठी दिसते. माझं पूर्ण नाव, वय अडतीस, मकाती, ‘आईकडून आलेला जनुकदोष, दोन्ही अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया, सुखरूप पार पडावी म्हणून’. तुझं अक्षर फार सुवाच्य आहे.

मिस गुम्बान काल डोळ्यांत पाणी आणून माझ्या टेबलापाशी आल्या. त्यांनी विम्याच्या माणसाला स्वतः फोन केला होता, माझं काम लवकर व्हावं म्हणून. बिचारीला घराण्यातला दोष आहे, आमचं सगळं गाव तिच्यासाठी प्रार्थना करतंय, जरा मनावर घ्या, असं त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं त्यांनी मदत केली. माझ्यासाठी त्यांनी अभिमंत्रित तेलाची बाटली आणली होती. मी घेतली. काय करणार?

रोडेलची माफी मागितली.

पियाच्या वर्गातल्या एका मुलीची आजीही तिकडचीच. पिया मंगळवारी शाळेतून आली आणि तिने विचारलं, की ते माझ्यातही आहे का. मी सात वर्षं मागून घेतली होती, तिता. मला सात आठवडेही मिळाले नाहीत.

आत्ता याहून जास्त लिहवत नाही.

मारिवेल

इलोइलो
६ मे २०२३

मारिवेल,

आशीर्वाद लिहायचा हक्क आहे की नाही, ठाऊक नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

मी पॅरिशच्या ऑफिसात गेले. त्या निळ्या केसांच्या मुलीने मला तिच्या फोनवर दाखवलं. पहिल्या बाकावर बसून मी सहा रविवार गुडघे टेकले आणि माझ्या डोक्यावरून तुझी चिठ्ठी सगळ्या जगाला दिसत होती. चारशे बारा जणांनी पाहिली. सत्तावन्न जणांनी खाली ‘आमेन’ लिहिलं. मी एकेक नाव वाचलं. सगळी चांगली माणसं आहेत. कोणावर ओरडावं असं एकही सापडलं नाही. मग चिठ्ठी लिहिणारीचं अक्षर पाहिलं.

मुलीने ते सगळं काढून टाकलं. उरलेल्या तीन मिस्सा मी रद्द केल्या. काढलेलं कुठवर गेलं असेल ते मला कोणी सांगायला नको, मी रेकॉर्ड रूममध्ये होते. त्या लांब नखांच्या मुलीला मी माफीचं पत्र पाठवलं आहे, लॅबलाही. रोडेलला वेगळं लिहिते.

मी मेयरच्या बायकोला खुर्ची दिली नाही याचा गर्व धरत होते. सोलिंगच्या मुलीचं गुपित मात्र मी वेदीसमोर, चांगल्या शाईने, वाचता येईल असं लिहून दिलं. मला वाटलं, तिथे फक्त देव वाचतो. याला कारण म्हणता येईल, सबब म्हणता येणार नाही. पियाची सात वर्षं मी घालवली. ती मला परत देता येत नाहीत.

एक मात्र कर, माझ्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. माझं सगळं शहाणपण हरलं, पण हे अजून चालतं. आमच्याकडे नियम होता: पेशंटने किंवा तिच्या डॉक्टरांनी दिलेला कागद असेल तरच केस पेपरवर नोंद. खिडकीतून कोणी काही ओरडलं तर ती नोंद नाही, तो आवाज. विमा कंपनीला चार ओळींचं पत्र लिही. भांडू नकोस, माझ्यासारखं त्यांच्या आईपर्यंत तर मुळीच जाऊ नकोस. एवढंच विचार, की ‘आमच्या निदर्शनास आले’ ते माझ्या सहीच्या कोणत्या कागदावरून, त्या कागदाची प्रत द्या. नसेल, तर माझ्या डॉक्टरांनी पाठवलेल्या कागदांवर निर्णय द्या. डॉक्टरीणबाईंची सही शेजारी घे. पोच घे. पोचेवर शिक्का घे.

उत्तर लिहू नकोस, वाटलं नाही तर.

ओसिंग

मकाती
११ जून २०२३

ती. तिता ओसिंगला मारिवेलचा शि. सा. न. वि. वि.

महिनाभर लिहिलं नाही. लिहायला बसले की राग यायचा आणि राग आला की तुझंच अक्षर डोळ्यांसमोर यायचं, मग पेन ठेवायचे.

तुझी चार ओळींची युक्ती लागू पडली. कंपनीने आधी लिहिलं की ‘विश्वसनीय सूत्रांकडून’. मी पुन्हा तेवढ्याच चार ओळी पाठवल्या. तिसऱ्या खेपेला त्यांच्या एका डॉक्टरांचा फोन आला. मी त्यांना सांगितलं, की आजाराबद्दल मी फोनवर बोलत नाही, लिहून पाठवा. आमच्या ऑफिसात सगळे हसले, पण त्यांनी लिहून पाठवलं. सहीचा कागद नाही, म्हणून आधीचं पत्र मागे घेतलं. गाठ आणि आईचा आजार या कारणांवर मंजुरी दिली. अठ्ठावीस जूनला ऑपरेशन आहे.

सगळं सरळ झालं असं समजू नकोस. ऑफिसच्या लिफ्टमध्ये मी शिरले की बोलणं थांबतं. मिस गुम्बान मला रोज सूप आणून देतात, आणि मला ते रोज प्यावं लागतं. पण दोन बायका वेगवेगळ्या वेळी, दार लावून, माझ्याशी बोलून गेल्या. काय बोलल्या ते तुला सांगणार नाही.

पियाशी बोलले. खरं ते सगळं सांगितलं: असेल किंवा नसेल, अर्धी अर्धी शक्यता, आणि मोठी होईपर्यंत काही करायचं नाही. मग तिने विचारलं, की टेस्ट करायची की नाही ते कोण ठरवणार. मी म्हणाले, तू. ती म्हणाली, मग आता मला कोणी विचारायचं नाही, बाबांनीही नाही. त्यानंतर तिने तुझ्याबद्दल विचारलं. आजी खूप रडली असेल ना, म्हणाली. मी म्हणाले, माहीत नाही, ती रडली तरी भांडी घासते.

हॉस्पिटलात एक फॉर्म भरायला दिला. पेशंटची माहिती कोणाकोणाला द्यावी, तीन नावं लिहायची जागा होती. मी रोडेलचं लिहिलं. दुसऱ्या ओळीवर पेन थांबलं. मग तुझं लिहिलं. तिसरी ओळ रेघ मारून बंद केली.

ये. पिया तुझ्यासाठी तिची खोली रिकामी करते आहे.

रागासकट तुझीच,
मारिवेल

इलोइलो
१७ जून २०२३

चि. मारिवेल, रोडेल आणि पिया यांना अनेक उत्तम आशीर्वाद.

पंचवीस तारखेच्या विमानाचं तिकीट काढलं. रोडेलने विमानतळावर यावं, दाढीसकट आला तरी चालेल.

तुझं पत्र वाचून मी भांडी घासली नाहीत. नुसती बसून राहिले. पियाला एवढं सांग.

आता एक अडचण सांगते. एकाहत्तर वर्षांची बाई एकदम तुमच्या मनिलाला निघाली की गल्लीला कारण लागतं. नेनिताने पहिल्याच दिवशी विचारलं, मारिवेल बरी आहे ना. मी आयुष्यात पहिल्यांदा, कॉन्व्हेंटची मुलगी असूनही, तिच्या डोळ्यांत बघून खोटं बोलले. म्हटलं, मी माझ्या दातांसाठी चालले आहे, खालची कवळी नीट बसत नाही, तिकडे चांगला डॉक्टर आहे. नेनिता लगेच पॅरिशच्या ऑफिसात गेली. निळ्या केसांची मुलगी धावत मला विचारायला आली, की असं छापलं तर चालेल ना. हल्ली ती विचारते. मी म्हटलं, बेलाशक छाप.

तेव्हा येत्या रविवारी दहाच्या मिस्सेला फादर एल्मो माझं पूर्ण नाव वाचतील आणि पडद्यावर सगळ्या जगाला दिसेल: युफ्रोसिना, वय एकाहत्तर, खालची कवळी, सुखरूप बसावी म्हणून. मिस गुम्बान आमेन लिहितील. त्यांनी मला सूप पाठवलं तर पिऊन टाकू.

खरं कशासाठी गुडघे टेकले आहेत, ते ज्याला कळायचं त्याला चिठ्ठीशिवाय कळतं. बाकीच्यांना माझे दात पुरेत.

माया अशीच ठेव, माझीही शिल्लक आहे.
तिता ओसिंग